ठिपका दिसला, पण तो कुणाचा? रात्रीच्या शिकारीसाठी पहिला स्कोप निवडताना

थर्मल स्कोपला, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या रायफलीवरच्या दुर्बिणीला, पहिल्यांदा डोळा लावला की माणूस हरखून जातो. समोर मिट्ट काळोख, आणि त्यात ससा, उंदीर, खांबावरचं घुबड, सगळं चुन्यासारखं पांढरं चमकतंय. आपल्याला आता काहीही दिसू शकतं असं वाटायला लागतं. त्याच धुंदीत क्रेडिट कार्ड बाहेर निघतं.

माझी धुंदी उतरली ती तिसऱ्या की चौथ्या रात्री. टेक्सासमध्ये ओळखीच्या एका शेळीवाल्याच्या कुरणात बसलो होतो. आठवडाभरात त्याची दोन करडं गेली होती आणि कुंपणापाशी कायोटीची विष्ठा रोज सापडत होती. साधारण अडीचशे यार्डांवर एक चार पायांचा ठिपका आला. नाक जमिनीला, चाल तुरुतुरु. कायोटीच, दुसरं काय असणार? मनातल्या मनात गोळी सुटलीसुद्धा. थांबलो ते शहाणपणाने नव्हे. एवढ्या लांबून नेम लागेल याची खात्री नव्हती म्हणून. ठिपका ऐंशी यार्डांवर आला तेव्हा त्याच्या मानेभोवती एक गडद पट्टी दिसली. गळ्यातला पट्टा होता तो. शेजारच्या रँचवरचा कुत्रा रात्रीचा फेरफटका मारायला निघाला होता.

तेव्हापासून कुठलाही स्कोप हातात आला की मी एकच विचारतो: यातून जनावर किती लांबून *दिसतं* ते राहू दे, किती लांबून *ओळखू येतं* ते सांग. हा लेख त्या प्रश्नाभोवतीच फिरतो. अमेरिकेत राहणाऱ्या, गुरं-शेळ्या राखायला मदत म्हणून किंवा हौसेने कायोटीच्या मागे जाणाऱ्या नवख्या मराठी माणसासाठी तो लिहिला आहे. कायोटी म्हणजे कोल्हा आणि लांडगा यांच्या मधल्या अंगाचा प्राणी. खांद्यापाशी उंची २१ ते २४ इंच, वजन बहुधा २० ते ५० पौंड. भारतातल्या वाचकांनी हे निव्वळ कुतूहल म्हणून वाचावं. तिकडे वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली हौसेच्या शिकारीला मनाई आहे.

पायरी १: कॅटलॉग मिटा, नियमपुस्तिका उघडा

शिकारीचे नियम इथे राज्याराज्यांत वेगळे आहेत, आणि रात्रीच्या शिकारीचे सगळ्यात जास्त वेगळे. टेक्सासात खासगी जमिनीवर कायोटीला बंद मोसम नाही. दुसरीकडे रात्रीची परवानगी ठरावीक महिन्यांपुरती असू शकते, बंदुकीच्या प्रकारावर बंधन असू शकतं, किंवा थर्मल हातात धरून बघायला हरकत नसते पण तेच यंत्र रायफलीवर चढवलं की गुन्हा होतो. म्हणून आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची पुस्तिका आधी वाचा. गेल्या वर्षीची चालत नाही. जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या, आणि रात्री जाण्यापूर्वी त्या भागातल्या गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम राखणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करून ठेवा. अंधारात रायफल घेऊन फिरणारा माणूस कोण, हे त्याला आधी ठाऊक असलेलं बरं.

आपल्या लोकांच्या संदर्भात एक गोष्ट दुकानदार सांगेलच असं नाही. एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तुमचं प्रकरण नेमकं कुठे बसतं ते वकिलाला विचारून घ्या. मित्राच्या मित्राने सांगितलेल्यावर विसंबू नका.

आणि हो, थर्मल किंवा नाइट व्हिजन सुट्टीला भारतात जाताना ‘तिकडे दाखवू’ म्हणून बॅगेत टाकायचं नाही. ही यंत्रं अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली येतात. परवान्याशिवाय ती देशाबाहेर नेणं म्हणजे बेकायदा निर्यात, मग ती सुटकेसमधून का असेना.

ओळख का महत्त्वाची याचं कायद्यातलंच उदाहरण देतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व टोकाला पाच काउंट्यांत लाल लांडगा राहतो. जगात रानात मोकळा उरलेला लाल लांडगा तेवढाच. तो कायोटीपेक्षा थोराड, पण अंगकाठी इतकी सारखी की दिवसाढवळ्याही माणसं फसतात. कायोटी समजून लांडगे मारले जात होते. शेवटी २०१४ मध्ये संघीय न्यायालयाने त्या पाच काउंट्यांतली कायोटीची शिकारच तात्पुरती रोखली. जिथे लांडग्यांचा वावर आहे तिथे ‘मला कायोटी वाटला’ हे सांगून सुटका होईल या भरवशावर राहू नका.

पायरी २: आपलं अंतर मोजा

हे काम दिवसा करायचं. जिथे बसणार आहात तिथे उभे राहा आणि लेझर रेंजफाइंडरने झाडं, खांब, पाण्याची टाकी, कुंपण यांची अंतरं मोजून कागदावर उतरवा. जनावर कुठून येईल, आणि गोळी चुकली तर पलीकडे काय आहे, तेही लिहा. बहुतेकांना या टप्प्यावर कळतं की ‘तीनशे यार्ड लागतील’ हा आपला अंदाज पोकळ होता. तोंडाने किंवा ‘कॉलर’ने, म्हणजे जनावराचा आवाज काढणाऱ्या साधनाने, बोलावलेला कायोटी पुष्कळदा दीडशे यार्डांच्या आत येतो. झुडपाळ भागात तर पन्नासच्या आत. तुमचा आकडा १२० असेल तर १२० चं यंत्र घ्या. उरलेले पैसे कामी येतील. कुठे, ते पुढे सांगतो.

यार्ड म्हणजे तीन फूट. इथला सगळा व्यवहार यार्डात आणि इंचात चालतो, म्हणून मीही तेच मोजमाप ठेवतो.

पायरी ३: तीन जातींची यंत्रं, तीन स्वभाव

नळीचं नाइट व्हिजन ही जुनी जात. चांदण्याचा जेमतेम प्रकाश फोटोकॅथोडवर पडतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांची संख्या अनेक पटींनी वाढवली जाते आणि फॉस्फरच्या पडद्यावर हिरवं किंवा पांढरट चित्र उमटतं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांच्या रायफलींवर दिसणारी ‘स्टारलाइट’ दुर्बीण ही याची पहिली पिढी. दुसऱ्या पिढीत इलेक्ट्रॉन वाढवणारी बारीक छिद्रांची चकती, मायक्रोचॅनल प्लेट, आली, तिसरीत गॅलियम आर्सेनाइडचा फोटोकॅथोड. चांगली नळी बॅटरी पुरवून खाते आणि तिच्यातलं चित्र अडखळत नाही. पण ती महाग असते, आणि भर उजेडात उघडी राहिली तर बिघडू शकते. पहिल्या खरेदीसाठी मी ही सुचवत नाही. हेल्मेटवर लावून अंधारात चालणाऱ्यांचं ते हत्यार आहे.

डिजिटल नाइट व्हिजन म्हणजे खरं तर कॅमेरा. दाराबाहेरचा सुरक्षा कॅमेरा रात्री जसं काळं-पांढरं चित्र दाखवतो, तेच तत्त्व. सेन्सरला आपल्या डोळ्यापलीकडचा, लाल रंगाच्या लगतचा अवरक्त (आयआर) प्रकाश दिसतो. तो पुरवायला स्कोपवर आयआर टॉर्च बसवलेली असते. टॉर्च दोन प्रकारच्या: ८५० नॅनोमीटर आणि ९४० नॅनोमीटर. ८५० वाली लांब पोचते, पण समोरून पाहिलं तर टॉर्चचं तोंड लालसर दिसतं. ९४० वाली जवळजवळ अदृश्य, पण सेन्सर तिला कमी दाद देतो आणि पल्ला घटतो. गोळ्या खाऊन शहाणे झालेले कायोटी त्या लाल ठिपक्याला बिचकतात असं जुने शिकारी सांगतात. मी सुरुवात ८५० ने करायला सांगेन.

या जातीचा मोठा गुण असा की चित्र आपल्या सवयीचं असतं. केस दिसतात, कान, थूथन, शेपटीचा झुपका, गळ्यातला पट्टा, चमकणारे डोळे, सगळं दिसतं. दिवसाही तोच स्कोप रंगीत चालतो. मोठा दोष असा की टॉर्चच्या वाटेत जे येईल त्यावरून प्रकाश उलटा डोळ्यात येतो. धुकं, धूळ, नाकासमोरचं गवत, एखादी आडवी फांदी, चित्र पांढरंफटक. आणि टॉर्चचा झोत जिथे नाही तिथे काही नाही. माळभर जनावर शोधत फिरायला हे यंत्र निरुपयोगी आहे.

थर्मल प्रकाशावर चालतच नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे उष्णतेची किरणं बाहेर टाकते. त्यातली ८ ते १४ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहर हा सेन्सर टिपतो. सेन्सर म्हणजे बारीक तापमापकांची जाळी, पुष्कळदा व्हॅनेडियम ऑक्साइडची. साधी काच या लहरीला भिंतीसारखी अडवते. म्हणून भिंग जर्मेनियमचं करावं लागतं, आणि स्कोपच्या किमतीतला चांगला हिस्सा त्या भिंगात जातो. याच कारणाने गाडीच्या बंद काचेतून थर्मलने काही दिसत नाही. दिसलं तर ते तुमच्याच चेहऱ्याचं धूसर प्रतिबिंब असतं. नवखा माणूस पहिल्या रात्री हे हमखास करून बघतो आणि यंत्र बिघडलं म्हणून दुकानात फोन लावतो.

शोधायला थर्मलला तोड नाही. गवतात दबून बसलेल्या सशाची पाठ शंभर यार्डांवरून उठून दिसते. पण दिसते ती फक्त ऊब. तारेचं कुंपण सभोवतालच्या तापमानाचं झालं की चित्रातून गायब होतं, वाळक्या काटक्याही गायब. टेकडी आणि तिच्यामागचं मैदान एकाच राखाडी रंगात मिसळतात, त्यामुळे जनावर टेकडीच्या अलीकडे आहे की माथ्यावर आहे हे कळत नाही. दिवसभर तापलेला दगड रात्री नऊपर्यंत ‘जनावर’ बनून बसतो. संध्याकाळी आणि सकाळी एक वेळ अशी येते की जमीन आणि भोवतालच्या वस्तू एकाच तापमानाला येतात आणि चित्र पाणी घातलेल्या ताकासारखं पातळ होतं. पावसात, दाट धुक्यातही तेच.

पायरी ४: पिक्सेलचा हिशेब

हा भाग जरा संथपणे वाचा. जाहिरातीतल्या आकड्यांना उत्तर देण्याची ताकद एवढ्या एका हिशेबात आहे.

१९५८ साली अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने निरीक्षकांना पडद्यावरची चित्रं दाखवून पाहिलं की वस्तूवर किती बारकावा पडला म्हणजे माणसाला काय कळतं. त्याचे निकष आजही वापरात आहेत. त्याची भाषा काळ्या-पांढऱ्या रेघांच्या जोड्यांची होती. पिक्सेलमध्ये बोलायचं तर साधारण असं: वस्तूच्या कमी मापाच्या बाजूवर २ पिक्सेल पडले तर ‘काहीतरी आहे’ एवढं कळतं. ८ पडले तर प्रकार कळतो, म्हणजे हे वासरू नसून कुत्र्याच्या जातीचं काही आहे. १३ च्या आसपास पडले तर नेमकं काय ते कळतं. आणि हेसुद्धा निम्म्या वेळा. उरलेल्या निम्म्या वेळा माणूस चुकतो.

आता स्कोप घ्या. बाजारातल्या बहुतेक नव्या थर्मलमध्ये एक पिक्सेल १२ मायक्रॉनचा असतो. १२ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ३५ मिलिमीटरचं भिंग असेल तर शंभर यार्डांवर एक पिक्सेल सव्वा इंचाहून किंचित कमी जागा व्यापतो. भिंग ५० चं असेल तर ०.८६ इंच, २५ चं असेल तर पावणेदोन इंच.

कायोटीची उंची २२ इंच धरा. त्यावर १३ पिक्सेल पडायचे तर एका पिक्सेलच्या वाट्याला १.७ इंच. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं: २५ च्या भिंगाने साधारण ९८ यार्ड, ३५ च्या भिंगाने १३७, ५० च्या भिंगाने १९६. कुत्रा की कायोटी हे ठरवायची, तीही निम्म्या खात्रीची, मर्यादा एवढीच आहे. धुकं, दमट हवा, फोकसमधली चूक, हाताची थरथर यांनी ती आणखी आत येते.

आता जाहिरात आठवा. त्याच ३५ च्या भिंगासमोर सहा फूट उंच माणूस उभा केला आणि त्याच्या उंचीवर दोनच पिक्सेल मोजले, तर अंतर निघतं २,९०० यार्ड. खोक्यावर मोठ्या टायपात छापलेला पल्ला जवळपास याच धाटणीचा असतो. तो खोटा नसतो. तुम्हाला हवा असलेला मात्र तो नसतो. माझा तो कुत्रा अडीचशे यार्डांवर होता. माझं भिंग ३५ चं होतं. पायापासून खांद्यापर्यंत सातेक पिक्सेल. त्यावर मी त्याला कायोटी ठरवून मोकळा झालो होतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट बाहेर पडते, जी विक्रेतेसुद्धा नीट सांगत नाहीत. ३८४ गुणिले २८८ चा सेन्सर आणि ६४० गुणिले ५१२ चा सेन्सर, दोन्हींचा पिक्सेल १२ मायक्रॉनचा आणि भिंग तेच असेल, तर जनावरावर पडणारे पिक्सेल दोन्हीकडे *सारखेच*. ६४० ने लांबचं ओळखू येत नाही. ६४० ने रुंद दिसतं. ३५ च्या भिंगाने शंभर यार्डांवर ३८४ वाला सुमारे ४० फूट रुंद पट्टा दाखवतो, ६४० वाला ६६ फूट. ओळख हवी असेल तर पैसे भिंगात घाला. रुंदी हवी असेल तर सेन्सरमध्ये. दोन्ही हवं असेल तर ६४० आणि ५० चं भिंग. तिथे पट्टा ४६ फुटांचा मिळतो आणि खिसा हलका होतो.

डिजिटल झूमबद्दल एकच वाक्य: झूम केल्याने नवे पिक्सेल जन्मत नाहीत, आहेत तेच मोठे चौकोन होतात.

पायरी ५: स्पेक शीटवरचं बाकीचं, भराभर

एनईटीडी हा आकडा मिलीकेल्विनमध्ये असतो आणि कमी तितका चांगला. तापमानातला किती सूक्ष्म फरक सेन्सर पकडतो ते तो सांगतो. दमट, पावसाळी रात्री २५ च्या खालचा सेन्सर आणि ४० चा सेन्सर यांत फरक जाणवतो. कोरड्या थंडीत फारसा नाही.

रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं तो आकडा, ९ हर्ट्झचा असेल तर घेऊ नका. चालतं जनावर धक्के खात पुढे सरकतं आणि नेमाची फुली मागे राहते. ५० किंवा ६० असलेला बरा.

थर्मल मधूनमधून ‘टक्’ आवाज करून क्षणभर गोठतं. सेन्सर स्वतःला समतोल करून घेतो, ते होणारच. पण ते हाताने, बटणावर करायची सोय असली पाहिजे, म्हणजे ऐन वेळी चित्र थिजणार नाही.

बॅटरी बदलता येण्याजोगी हवी. १८६५० किंवा सीआर१२३ए असली तर कुठेही मिळते. थंडीत बॅटरी छापील वेळेच्या खूप आधी मान टाकते. सुटी बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

रायफलीचा दणका स्कोप सोसेल का, हे कॅलिबरप्रमाणे लिहिलेलं असतं ते वाचा. जमल्यास व्हिडिओ रेकॉर्डिंग असलेला घ्या. त्याचा खरा उपयोग शेवटच्या पायरीत येतो, मित्रांना क्लिप पाठवण्यात नव्हे. दिवसाच्या स्कोपपुढे अडकवायचं क्लिप-ऑन थर्मल मिळतं, ते पहिल्या वर्षी विसरा.

कंपन्यांची नावं विचाराल तर पल्सर, एजीएम, आयरे, हिकमायक्रो, एटीएन, ट्रायजिकॉन ही बाजारात नेहमी भेटणारी. प्रत्येकाकडे चांगली आणि सुमार दोन्ही मॉडेलं आहेत. भिंग, पिक्सेल आणि वॉरंटी यांवर ठरवा. दुरुस्तीला यंत्र देशातच जातं की समुद्रापार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. माझं एक यंत्र एका दुकानाने दुरुस्तीला घेतलं आणि मोसम संपल्यावर परत दिलं.

पायरी ६: शोधायचं यंत्र वेगळं, नेम धरायचं वेगळं

या एका मुद्द्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. रायफलीवरच्या स्कोपने माळ न्याहाळायचा नाही. स्कोप जिकडे वळतो तिकडे बंदुकीची नळीही वळते. त्या अंधारात कुणाचं वासरू आहे, कुणाचा पोरगा टॉर्च विसरून कुंपण बघायला आलाय, कुठे वस्तीची भिंत आहे, हे कळण्याआधीच तुम्ही त्याच्यावर भरलेली बंदूक रोखलेली असते.

म्हणून हातात धरायचं थर्मल मोनोक्युलर (एका डोळ्याची दुर्बीण) आधी घ्या, स्कोप नंतर. पैसे मोजके असतील तर माझी जोडी अशी: शोधायला छोटं थर्मल मोनोक्युलर, २५६ गुणिले १९२ चं असलं तरी चालेल, रायफलीवर डिजिटल नाइट व्हिजन स्कोप आणि बरी आयआर टॉर्च. मोनोक्युलरने ठिपका हेरायचा, मग टॉर्च लावून स्कोपमधून त्याचं तोंड बघायचं. डिजिटल स्कोप साधारण ५०० ते १,००० डॉलरमध्ये येतात. ३८४ चा बरा थर्मल स्कोप २,००० ते ३,००० च्या घरात जातो, ६४० चा त्याच्या पुढे. म्हणजे दोन यंत्रांची ही जोडी एका थर्मल स्कोपच्या पैशांत बसू शकते, आणि दीडशे यार्डांच्या आत ओळख तिच्यातच जास्त चोख होते. लोक उलटं करतात. सगळे पैसे एका मोठ्या थर्मल स्कोपमध्ये घालतात आणि मग त्याच्यानेच रात्रभर माळ झाडतात.

जिथे कायम धुकं, उंच गवत, दाट झुडूप आहे तिथे मात्र टॉर्चचं काही चालत नाही. तिथे थर्मल स्कोपच घ्या, पण अंतराची मर्यादा चौथ्या पायरीतल्या हिशेबाने स्वतःला घालून घ्या. लेझर रेंजफाइंडर अंगचाच असलेला स्कोप अशा वेळी पैसे वसूल करतो, कारण थर्मलच्या सपाट चित्रावरून अंतराचा अंदाज जवळजवळ कुणालाच येत नाही. लहान आकाराचं जवळचं जनावर आणि मोठं लांबचं जनावर, दोन्ही सारखेच ठिपके.

पायरी ७: विकत घेण्यापूर्वी डोळा लावा

दुकानात एसी चालू असतो, सगळं एकाच तापमानाचं. तिथे कुठलाही थर्मल फिका वाटतो, किंवा विक्रेत्याने हात पुढे केला की झकास वाटतो. शक्य असेल तर संध्याकाळनंतर बाहेर नेऊन बघा. मांजर, कुत्रा, गाय, काहीही जिवंत समोर असू द्या. चष्मा घालत असाल तर चष्म्यासह बघा. हातमोजे घालून बटणं दाबा. तीन बटणं एकाच आकाराची असतील तर अंधारात शिव्या घालाल.

पडद्याचा उजेड किती खाली जातो हेही तपासा. भगभगीत पडद्यातून डोळा काढला की त्या डोळ्याला काळोखच दिसतो, आणि नजर पुन्हा अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास जातो. रंगांच्या पद्धतींमध्ये इंद्रधनुष्यी प्रकार गंमत म्हणून ठीक. शोधताना ‘गरम ते पांढरं’, ओळखताना ‘गरम ते काळं’. निदान माझ्या डोळ्याला तरी काळ्यात कडा जास्त स्पष्ट दिसतात.

पायरी ८: झिरो करणं, म्हणजे गोळी फुलीवरच पडेल असा स्कोप जुळवणं

कागदाच्या लक्ष्यावर छापलेलं काळं वर्तुळ थर्मलला दिसत नाही. शाई आणि कागद एकाच तापमानाचे. हात शेकायची पुडी मध्यभागी चिकटवा, ती लख्ख दिसते. किंवा अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा चौकोन लावून लक्ष्य किंचित मागे कलतं ठेवा. पट्टी वरच्या थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवते आणि थर्मलमध्ये काळीकुट्ट उठते.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवून आधी ५० यार्डांवर, मग १०० वर. बहुतेक स्कोपमध्ये एक गोळी झाडून फुली तिच्या छिद्रावर सरकवायची सोय असते. एका गोळीवर विश्वास ठेवू नका, तीन झाडा आणि त्यांचा मध्य धरा. गरम गोळीचं छिद्र क्षणभर चमकतं, तेवढ्यात बघून घ्या. स्कोप रायफलीवरच्या पट्टीवरून (रेल) काढून पुन्हा लावला की झिरो हललं का, ते पुन्हा गोळ्या झाडूनच कळतं.

पायरी ९: पहिले काही दिवस रायफल घरी

यंत्र आलं की लगेच शिकारीला जायची खाज सुटते. दहा-बारा रात्री नुसतं मोनोक्युलर घेऊन बसा आणि रेकॉर्डिंग करा. एखादं जनावर लांबवर दिसलं की मनाशी ठरवा, हे काय आहे. मग ते जवळ येऊ द्या, किंवा नाइट व्हिजन लावून बघा, आणि बरोबर होतात का ते वहीत लिहा. अंतरही लिहा. काही रात्रींत तुमच्या डोळ्याची आणि यंत्राची खरी मर्यादा त्या वहीत आपोआप उतरते. माझी ३५ च्या भिंगाने १२० यार्ड निघाली, हिशेबातल्या आकड्यापेक्षाही कमी.

काय बघायचं? पळताना कायोटी शेपूट खाली सोडून पळतो. पाळीव कुत्र्याची शेपूट बरेचदा वर किंवा आडवी असते. कायोटीचे कान डोक्याच्या मानाने मोठे आणि टोकदार, थूथन निमुळतं. अंगावरची दाट लव ऊब आत धरून ठेवते, त्यामुळे थर्मलमध्ये त्याचं धड मंद दिसतं. डोळे, तोंड आणि पाय उजळ. झुपकेदार शेपटी जवळजवळ विझलेली. आखूड केसांचा कुत्रा मात्र आख्खा पेटल्यासारखा दिसतो. लव दाट असलेला राखणीचा कुत्रा यातही फसवतो, म्हणून आजूबाजूच्या रँचवर कुठले कुत्रे आहेत ते दिवसा जाऊन बघून या, मालकांशी बोला, त्यांचे फोन नंबर घ्या. त्या पट्टेवाल्या कुत्र्याच्या मालकिणीला मी दुसऱ्याच दिवशी भेटलो. आता मी कुरणात बसणार असेन त्या संध्याकाळी त्यांना मेसेज जातो, आणि कुत्रा रात्रभर पडवीत बांधलेला असतो.